हिवरापासून बावीस पावलं

वरवट बकाल, १४ एप्रिल १९६३, रविवार

नववीचे इंग्रजीचे पेपर तपासून संपवले. 'गाय' या विषयावरच्या एकतीस निबंधांत गाय एकच आहे. सगळ्यांनी एकाचीच उतरवली. तिला पाच पाय आहेत.

उद्या सुट्टीसाठी वाईला निघायचं. त्याआधी दोन गोष्टींची नोंद करून ठेवतो.

पहिली माझ्या पुस्तकाची. 'शंभर इंग्रजी शब्द : कूळ आणि मूळ' याचे बासष्ट शब्द पुरे झाले. आमचे घरमालक हिंमतराव, जे शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही आहेत, पुस्तक खामगावला स्वतःच्या खर्चाने छापून देणार आहेत. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, तेव्हा त्यांचा पाठिंबा निःस्वार्थ मानायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट कागदावर आणावी का याचा विचार केला. पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार? वाईला आमच्या घरी संडास आहे. इथे लोटा घेऊन वावरात जावं लागतं, आणि माझं पोट असं चिकित्सक की रोज तीच वेळ, तीच जागा आणि तोच आडोसा नसेल तर ते सहकार्य करत नाही. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मी नकळत जनकाबाईंच्या वावरात बसलो होतो. त्या विहिरीवर पाण्याला आल्या आणि लांबूनच ओरडल्या, "ओ मास्तर! माह्या वांग्यात नोका बसू! धुऱ्याच्या तिकडं जा, थे हिंमतरावाचं हाय!"

धुरा म्हणजे इकडे शेताचा बांध. तेव्हापासून मी धुऱ्याच्या अलीकडे, हिंमतरावांच्या हद्दीत, बोरीच्या झुडपांआड, हद्दीच्या दगडाला पाठ करून बसतो. घरमालकाच्या जमिनीवर भाडेकरूचा एवढा हक्क असावा. हिवराच्या झाडापासून दगडापर्यंत बरोबर बावीस पावलं. उजाडलं नसेल तर मोजत जातो. दगडापलीकडे सहा पावलांवर जनकाबाईंची विहीर. त्यांच्या नवऱ्याने मरण्याआधीच्या उन्हाळ्यात स्वतः खणलेली. तिच्यात पोहरा पडल्याचा आवाज आला की मी उठतो. गेली पावणेदोन वर्षं यात खंड नाही.

१६ जून, रविवार

काल परत आलो. खोलीला नवा चुना लावलेला, कौलं चाळलेली, खाटेला नवी सुंभं. हिंमतराव म्हणाले, "मास्तर, यंदापासून भाडं नोका देऊ. तुमच्यासारखा मानूस घरात राह्यते हेच लय झालं." त्यांच्या पत्नी कौशल्याबाई भाकरीवर तूप वाढताना वाटी उपडी करतात. विद्येची कदर अजून शिल्लक आहे म्हणायची.

सकाळी मात्र एक चमत्कारिक प्रकार झाला. हिवरापासून बावीस पावलं गेलो तर दगड नाही. पुढे चालत राहिलो. सदतिसाव्या पावलाला ठेच लागली, तो दगड. वाईहून नव्या चपला आणल्या आहेत. कोऱ्या चपलेत पाऊल आखूड पडत असावं.

१८ जून, मंगळवार

जुन्या चपला घालून मोजलं. सदतीस. अनवाणी मोजलं. सदतीस, आणि एक काटा.

धुरा नाही. बोरीची झुडपंही नाहीत. उन्हाळ्यात वखर फिरवून सगळं सपाट केलेलं दिसतं. आडोसा गेल्यामुळे माझी किती गैरसोय झाली आहे ते कोणाला सांगता येत नाही.

विहीर आता दगडाच्या अलीकडे आली आहे. विहीर जागची हलत नाही एवढं शास्त्र मलाही कळतं. पण मी इंग्रजीचा शिक्षक आहे, जमिनीची मोजणी हा माझा विषय नाही. आपण बरं की आपलं काम बरं.

२४ जून, सोमवार

शब्द क्रमांक त्रेसष्ट : प्रिव्हॅरिकेट.

हा शब्द माहीत असलेला तालुक्यात मी एकटाच असेन, म्हणून मुद्दाम घेतला. अर्थ असा : उघड खोटं न बोलता खऱ्याला बगल देणं, विचारलेल्या प्रश्नाच्या कडेकडेने चालणं. मूळ लॅटिन. 'व्हारुस' म्हणजे फेंगड्या पायांचा. त्यावरून पाय फाकून वाकडं चालणं. त्यावरून नांगरणारा माणूस ओळ सोडून भलतीकडे जातो, ते. रोमन शेतकऱ्यांचा हा शब्द पुढे रोमन न्यायालयात शिरला. तिथे एका पक्षाकडून उभा राहून आतून दुसऱ्याला सामील असलेल्या वकिलाला तो लावू लागले. इंग्रजीत येईपर्यंत त्याच्या पायाची माती पार झडून गेली होती.

म्हटलं, शब्दाचं माहेर शेतात आहे आणि शेत आपल्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. प्रत्यक्षच पाहू. जनकाबाईंच्या वावरात, वांग्यांच्या पुढे रस्त्याच्या कडेला, ज्वारीची पेरणी चालली होती. तिफण पुंजाजींच्या हातात. वय साठीच्या पुढे, एक डोळा अधू, पण सरळ पेरण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. जनकाबाई शेजारून चालत तिफणीवरच्या चाड्यात मुठीने दाणे सोडत होत्या.

मी विचारलं, "पुंजाजी, पेरणीचं तास, म्हणजे ही ओळ, वाकडी कशानं जाते? बैलांमुळे?"

"बैलानं नाही जात, मास्तर. मानसानं जाते."

मला एकदा धरू द्या म्हणालो. पुंजाजींनी जनकाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "धरू द्या. येक तास गेलं तं गेलं."

मी तिफणीच्या तिन्ही फणांवर बारीक लक्ष ठेवून होतो. क्षणभरही नजर हलवली नाही. टोकाला पोचून मागे वळून पाहिलं, तर ओळ निंबाकडे निघाली होती, मध्ये तिचा विचार बदलला होता आणि शेवटी ती नाल्याच्या दिशेने गेली होती.

"पाहून कुठं राह्यले होते?" पुंजाजींनी विचारलं.

"फणांकडे."

"फनाकडं पाह्यलं का असंच होते. थ्या टोकाले काठी गाडली, तिले चिंधी बांधली, दिसते? तिच्याकडं पाहा लागते. पायाखाली काय चाललं थे बैल पाहून घेतेत."

हे मी टिपून घेतलं. तळटीप म्हणून शोभेल.

जनकाबाईंनी विचारलं की पुस्तकात काय लिहिता. मी त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, रोमसुद्धा सांगितलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "म्हंजे गोल गोल बोलनं," त्या म्हणाल्या. "त्याले इंग्रजी कायले पायजे?"

अशिक्षित माणसाला शब्दांच्या छटा कळत नाहीत.

३ जुलै, बुधवार

ज्वारी उगवली. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून माझी ओळ पाहतो. "हे कोनाचं काम?" "मास्तरचं." एस.टी.च्या ड्रायव्हरनेही आज गाडी हळू केली. ज्वारी कापेपर्यंत ही ओळ अशीच उभी राहणार, असं पुंजाजींनी काही कारण नसताना सांगितलं.

जेवताना हिंमतरावांनी विषय काढला. जनकाबाईंनी जळगाव जामोदला तहसिलीत अर्ज दिला आहे की, हद्दीचा दगड हलवला आणि विहीर गिळली. हिंमतरावांचं म्हणणं वेगळं आहे. विहीर जनकाबाईंच्या नवऱ्याने खणली हे त्यांना मान्य आहे, पण ती खणली यांच्या जमिनीत. "म्या तवा काही बोललो नाही. शेजारधर्म म्हनून. आता थे मले चोर म्हन्ते." विहिरीची नोंद पटवाऱ्याच्या कागदावर कधी चढलीच नाही, कारण नोंद करायच्या आधीच नवरा गेला. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की दगड कुठे होता. गावातला जो तो यांच्याकडे कामाला, नाहीतर यांच्या नात्यात. कोणी तोंड उघडत नाही.

"सायेब तुमाले इचारतीन," हिंमतराव म्हणाले. "मी काही सांगत नाही, मास्तर. तुमी शिकलेले. खरं असन तेच सांगजा. पन जे पक्कं ठाऊक नाही, थे काऊन सांगा?"

किती समतोल विचार. कौशल्याबाई तूप वाढता वाढता थांबल्या, मग वाढलं.

८ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत जनकाबाई शाळेत आल्या. व्हरांड्यात उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"मास्तर, तुमाले तं ठाऊक हाय. तुमी रोज तठीच बसत होते. म्याच तुमाले धुरा दाखोला होता."

मी त्यांना हळू बोलायची विनंती केली. सातवीचा वर्ग शेजारीच होता. मी म्हणालो, "बाई, सरकारी माणसापुढे मी तिथे कशासाठी जात होतो हे कसं सांगणार?"

"काऊन? सारं गाव बसते. सायेब नाही बसत?"

"मी शिक्षक आहे."

"वांगे हायेत तठी," त्या म्हणाल्या. "येवढंच हाय मले. विहीर गेली तं काय करू थे सांगा." आणि गेल्या. मी आत जाऊन सातवीला 'जो खरं बोलतो तो' याचं भाषांतर दिलं. धड्यात पुढे तेच वाक्य होतं.

१९ जुलै, शुक्रवार

स्थळ-पंचनामा झाला. नायब तहसीलदार साहेब जीपने आले. बुटके, पट्टा पोटाखाली, मिशी एका बाजूला जास्त. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली, कचेरीचं काम मराठीत करायचा हुकूम आहे, पण हे मधूनमधून इंग्रजी बोलतात. ते इंग्रजी आमच्या नववीच्या गायीच्याच कुळातलं.

सगळं गाव जमलं होतं. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही बाहेरगावचे, शिकलेले. इथे तुमचं नातं नाही, गोतं नाही. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो. हा दगड मागच्या वर्षी इथंच होता, की दुसरीकडे?"

मी दिलेलं उत्तर आठवेल तसं पूर्ण लिहून ठेवतो, कारण मला ते बरं साधलं असं वाटतं.

मी म्हणालो, "साहेब, दगड आपल्या जागी असतो असं आपण सामान्यतः समजतो. मी मोजणीदार नाही. पावलांचं माप चपलेवर अवलंबून असतं. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर माणसाच्या नजरेतही फरक पडतो. मला दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे. विहीर चांगली आहे."

साहेबांनी लिहिलं, 'साक्षीदारास निश्चित सांगता येत नाही,' आणि माझी सही घेतली.

यात एकही शब्द खोटा नाही. कोणी दुखावलं गेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जनकाबाई विहिरीवर गेल्या, पोहरा सोडवला, दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि घरी गेल्या. जेवताना आज हिंमतरावांनी स्वतः तूप वाढलं.

२४ जुलै, बुधवार

हुकूम आला. पीक निघाल्यावर दिवाळीनंतर मोजणी होईल. तोवर आहे तो दगड हीच हद्द. हिंमतरावांनी विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली. "तवरीक वहिवाट आपली झाली, मास्तर," ते म्हणाले. 'आपली' हा शब्द मला थोडा खटकला.

पुस्तकाचं हस्तलिखित खामगावला रवाना. शंभरावा शब्द काल रात्री संपवला.

६ ऑगस्ट, मंगळवार

सतरा दिवस पाऊस नाही. शेतं सुकायला लागली. जनकाबाई अर्ध्या मैलावरच्या नाल्यातून डोक्यावर पाणी आणून वांग्यांना घालतात. सकाळी माझ्या आधी सुरू करतात, संध्याकाळी शाळा सुटते तेव्हाही चालूच असतं. वाटेत भेटलो तर माझ्याकडे न पाहता जातात. डोक्यावर हंडा असल्यामुळे मान वळवता येत नसेल.

प्रकृती ठीक नाही. गेल्या महिन्याच्या १९ तारखेपासून पोट मनासारखं साफ झालेलं नाही. इसबगोल घेतलं, त्रिफळा घेतला, एरंडेल घेतलं. आडोसा गेल्याचा हा परिणाम असं माझं निदान आहे. पण आडोसा जूनमध्ये गेला आणि पोट जुलैत बिघडलं, हे जुळत नाही.

कौशल्याबाई आज तूप न वाढताच आत निघाल्या होत्या. मी वाटीकडे पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "तूप नोका खाऊ, मास्तर. तुमाले नाही पचत थे."

"तूप तर उत्तम आहे."

"तूप चांगलंच हाय," त्या म्हणाल्या आणि माजघरात गेल्या.

कौशल्याबाई भल्या आहेत, पण आहारशास्त्र त्यांना कळत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज बरंच लिहायचं आहे.

हिंमतरावांच्या वावरात कपाशीने माना टाकल्या आहेत, पाऱ्हाटी न् पाऱ्हाटी पिवळी. त्यात एकच पट्टा हिरवागार आहे. हातभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत आखल्यासारखा. शाळेत जाताना मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. पुंजाजी पलीकडे जनकाबाईंच्या ज्वारीत डवरा हाकत होते. ओळींमधलं तण काढायला बैलांनी ओढायचं ते पातं. त्यांनी बैल थांबवले.

"हराळी आन कुंदा," ते म्हणाले. "वखर वरून फिरला, मुळी हातभर खाली राह्यली. जुना धुरा असाच वर येते, मास्तर. त्याले पानी नाही लागत."

मी हिवरापाशी गेलो. पाऊल नेहमीसारखं टाकलं. बाविसाव्या पावलाला हिरव्या गवतात उभा होतो.

परत आलो तेव्हा पुंजाजी डवरा उचलून घेत होते. माझ्या ओळीशी पोचले की त्यांना तो उचलावा लागतो, नाहीतर पातं ज्वारीच कापत जातं. सरळ ओळीत बैल चालतात, वाकड्या ओळीतलं तण हाताने काढावं लागतं. ते आधी कोणी मला सांगितलं नव्हतं. जनकाबाई विळा घेऊन माझ्या ओळीत बसल्या होत्या. नाल्याच्या खेपा झाल्यावर त्या हे करतात. पेरणीपासून दुसऱ्यांदा.

मी विळा मागितला. त्यांनी दिला आणि दुसरा घेतला. शाळेची घंटा झाली, मी गेलो नाही. रस्त्यावरून आठवीची मुलं जाताना थांबली. मी धोतर खोचून खाली वाकलो होतो.

अर्धी ओळ झाल्यावर मी म्हणालो, "माझ्यामुळे तुम्हाला हे काम पडलं."

"हे काही नाही," त्या म्हणाल्या. विळा थांबला नाही. "ओळ वाकडी गेली तं हातानं निंदून काढते मी. विहीर कशानं काढू?"

मला लाज वाटली. इसबगोलाने जाणारी नव्हती. ती वाटली म्हणून इथे लिहून ठेवतो.

१९ ऑगस्ट, सोमवार. पोळा

हिंमतराव खामगावहून बैलांच्या झुली आणि माझ्या पुस्तकाची मुद्रितं एकदमच घेऊन आले. पहिल्या पानावर 'विद्याप्रेमी हिंमतराव यांस सादर अर्पण' असं छापलेलं. हे मी लिहिलं नव्हतं, पण अक्षर सुबक आहे.

मुद्रणदोष शोधायला बसलो. अठ्ठावीस सापडले. त्रेसष्टाव्या शब्दात एकही नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. म्हणून तो पुन्हा वाचला. 'उघड खोटं न बोलता खऱ्याला बगल देणं, विचारलेल्या प्रश्नाच्या कडेकडेने चालणं.' खाली तळटीप, पुंजाजींच्या काठीची.

मग ही वही काढून १९ जुलैचं पान वाचलं. 'विहीर चांगली आहे,' असं मी म्हणालो होतो. सगळ्या गावासमोर. आणि घरी येऊन ते बरं साधलं असं लिहिलं होतं.

शंभर शब्दांची कुळं लिहिली, आणि एवढं काही कळलं नाही. इतका गाढवपणा नववीतसुद्धा नाही.

अंगणात हिंमतराव बैलांना पुरणपोळी भरवत होते. मी म्हणालो, "मी परवा जळगावला जातो. साहेबांना दगडाचं सांगतो."

त्यांनी बैलाचं तोंड पुसलं. "पुस्तक?"

"राहू द्या."

"खोली?"

"शाळेत झोपेन."

"काय सांगसान तुमी? लोटा घेऊन बसत होतो म्हनून?"

"हो."

"लोक हासतीन, मास्तर. पोट्टे हासतीन. जलमभर."

"हो," मी म्हणालो. माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. दारात कौशल्याबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातली दुसरी पोळी माझ्या ताटलीत ठेवली. वर तूप नव्हतं.

जळगाव जामोद, तहसील कचेरी, २१ ऑगस्ट, बुधवार

कचेरीच्या बाकावर बसून लिहितो आहे. फार वेळ नाही.

सकाळी हिवरापासून बावीस पावलं गेलो आणि हराळीच्या पट्ट्यालगत, अलीकडे, पूर्वीच्याच जागी बसलो. आडोसा नव्हताच. रस्त्यावरून तीन बैलगाड्या आणि पहिली एस.टी. गेली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तेहतीस दिवसांनी पोट साफ झालं. आयुर्वेदात याला काय म्हणतात ते बघायला हवं.

मी दुसऱ्या एस.टी.ने आलो, त्याच गाडीने जनकाबाई आल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं, कोणी सांगितलं ठाऊक नाही. पायरीवर बसल्या आहेत. वांग्यांची टोपली बरोबर आहे, निम्मी भरलेली.

साहेबांना सांगितलं. दगड बावीस पावलांवर होता, आता सदतिसावर आहे. हराळीचंही सांगितलं, ते पाहायला येणार आहेत. आधी मात्र त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तर, जुलैत तुम्हाला निश्चित सांगता येत नव्हतं. आता येतं. उद्या हिंमतराव म्हणतील, बाईने मास्तरला फितवलं. भांडण लागायच्या आधीचा काही लेखी आधार आहे का?"

मी म्हणालो, आहे. १४ एप्रिलची नोंद आहे. तेव्हा दगड जागच्या जागी होता आणि मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो.

"कुठल्या कागदावर?"

मी पिशवीतून ही वही काढली. त्यांनी हात पुढे केला. "ठेवून जावी लागेल. सगळी. पानं फाडून चालणार नाहीत."

तेव्हा मला आठवलं की वहीत काय काय आहे. एरंडेल आहे. तूप आहे. सातवीचा वर्ग आहे. १९ जुलैला साहेबांची मिशी आणि त्यांचं इंग्रजी आहे. मी पंधरा मिनिटं मागून घेतली. साहेबांना वाटलं मी सारांश लिहितो आहे. खरं म्हणजे त्यातली पहिली पाच मी फक्त वही धरून बसलो होतो.

'ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?' असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. तेही ते वाचतील. साहेब, मिशीबद्दल क्षमा असावी. इंग्रजीबद्दल मात्र मी ठाम आहे.

जनकाबाईंनी पायरीवरून विचारलं, "काय लिहून राह्यले?"

"शेवटचं."

"गोल गोल नोका लिहू."

साहेब दारात येऊन उभे आहेत. लिहितो.

हद्दीचा दगड हिवराच्या झाडापासून बावीस पावलांवर होता. विहीर त्याच्या पलीकडे सहा पावलांवर, जनकाबाईंच्या वावरात होती. पावणेदोन वर्षं, सुट्ट्या सोडून, रोज सकाळी मी त्या दगडाला पाठ करून शौचाला बसत होतो. १९ जुलैला मला विचारलं तेव्हाही मला हे ठाऊक होतं. सही : वि. ग. आगाशे, इंग्रजीचे शिक्षक.